ड्रम भरला, जाळ धरेना: मुरबाडमधील एका बायोगॅस संयंत्राचे प्रकरण

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, काळू नदीच्या खोऱ्यातील एका गावी दोन भावांचा एकत्र गोठा आहे. एके काळी त्यांच्याकडे चाळीस म्हशी होत्या आणि त्या शेणावर चालणारे, दिवसाला 25 घनमीटर गॅस देण्याच्या क्षमतेचे तरंगत्या ड्रमचे संयंत्र वडिलांनी बांधून घेतले होते. जमिनीत विटांची सुमारे 50 घनमीटरची विहीर, तिच्यावर उपडा ठेवलेला पोलादी ड्रम आणि तिथून भट्टीघरापर्यंत गेलेली नळी, अशी ही ओळखीची रचना आहे. गॅसवर घरचा स्वयंपाक होत असे, आणि मुख्य म्हणजे कल्याण-ठाण्याच्या मिठाईवाल्यांना जाणारा खवा आटत असे. शंभर लिटर दुधाचा खवा करायचा म्हणजे सुमारे पंचाहत्तर लिटर पाणी वाफ करून उडवावे लागते. त्यामुळे या घराला गॅस हवा होता तो पूरक म्हणून नव्हे, तर धंद्याचे इंधन म्हणून.

पेंड आणि चाऱ्याचा खर्च वाढत गेला तशा म्हशी कमी झाल्या आणि संख्या अठरावर आली. एका म्हशीमागे गोळा होणारे शेण दिवसाला सुमारे 15 किलो धरले, तर 600 किलोंचे 270 किलो झाले. एक किलो ताज्या शेणातून साधारण 40 लिटर बायोगॅस मिळतो, म्हणजे 25 घनमीटरचे संयंत्र जेमतेम 11 घनमीटरवर आले. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने सुमारे 0.45 किलो एलपीजी. जी तूट पडली ती भरून काढण्यासाठी महिन्याला 19 किलोंचे दहा व्यावसायिक सिलिंडर लागू लागले. शेण नाही तर टाकीला दुसरे काय खाऊ घालता येईल, हा प्रश्न या हिशेबातून उभा राहिला आणि त्याचे उत्तर म्हणून भावांनी ऊर्जापिकाची वाट धरली. मी ठाण्यात राहतो आणि लहान बायोगॅस संयंत्रांची उभारणी व दुरुस्ती हे माझे काम आहे. या प्रकरणात मला बोलावणे आले ते संयंत्र बंद पडल्यावर, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधीचा वृत्तांत भावांनी आणि वहिनींनी सांगितलेला, तर पुढचा माझ्या नोंदवहीतला आहे.

गवत घालण्याचा विचार मुळात बरोबर होता

हे आधीच स्पष्ट करायला हवे, कारण संयंत्र बंद पडल्यावर गावातल्या अनेकांनी "गोबर गॅसमध्ये गवत घातले की असेच होणार" असा निकाल देऊन टाकला होता. तो निकाल चुकीचा आहे. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवून, त्यातली बरीच ऊर्जा काढून घेतलेले अन्न. तेच अन्न जनावराच्या पोटातून न नेता थेट टाकीत घातले, तर प्रत्येक किलोमागे गॅस अधिक मिळतो. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या पुण्याच्या संस्थेने स्टार्च आणि साखर असलेल्या खरकट्यावर चालणारी लहान घरगुती संयंत्रे याच तत्त्वावर उभी केली आणि 2006 साली त्या कामाला ॲशडेन पुरस्कार मिळाला. युरोपात, विशेषतः जर्मनीत, हजारो संयंत्रे मक्याच्या मुरघासावर, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यावर चालतात.

आकड्यांतही हा विचार टिकतो. संकरित नेपियर, म्हणजे आपले हत्तीगवत, बागायतीत आणि वेळेवर कापले तर हेक्टरी वर्षाला 200 टनांच्या आसपास हिरवा पाला देते. भावांनी विहिरीजवळच्या 30 गुंठे वरकस, म्हणजे खाचराबाहेरच्या चढाच्या जमिनीत ते लावले, म्हणजे वर्षाला 60 टन, दिवसाला सुमारे 165 किलो. त्यात कोरडा भाग एक-पंचमांश, आणि त्यातला नव्वद टक्के सेंद्रिय, म्हणजे टाकीतल्या जिवाणूंना खाण्याजोगा भाग सुमारे 30 किलो. नेपियरच्या सेंद्रिय भागाच्या प्रत्येक किलोमागे पाव घनमीटर मिथेन धरला, तर साडेसात घनमीटर मिथेन, म्हणजेच तेराएक घनमीटर बायोगॅस होतो. शेणाचे 11 आणि गवताचे 13 मिळून 24. ज्याने कुणी हा हिशेब केला असता त्याने हे गवत लावलेच असते. वरकस जागेची निवडही योग्य होती: नेपियरला पाणी लागते, पण साचलेले पाणी सोसत नाही, आणि ठाणे जिल्ह्यात सरासरी 2500 मिलिमीटर पाऊस पडत असताना भाताच्या खाचरात ते पावसाळ्यात कुजले असते.

जूनमध्ये ठोंबे लावली. पहिली कापणी ऑगस्टअखेर व्हायला हवी होती. गणपती आले, मग पाऊस लांबला, मजूर मिळेनात, आणि कापणी सप्टेंबरच्या मध्यावर, तीन महिन्यांच्या गवतावर झाली. तोवर ते माणसाच्या डोक्यावर गेले होते. शेतकऱ्याला उंच गवत म्हणजे भरघोस पीक वाटते, पण टाकीचे गणित निराळे आहे. गवत जून झाले की त्यातले लिग्निन, म्हणजे लाकडासारखा कडक भाग, वाढते, लिग्निन हवाबंद टाकीत पचत नाही, आणि त्याच्या वेष्टणातला सेल्युलोजही जिवाणूंच्या हाती लागत नाही. पहिल्या कापणीनंतर 45 ते 50 दिवसांनी, बुंधा कडक होण्याआधी कापलेले गवतच गॅससाठी चांगले. इथे कडबाकुट्टी यंत्राची पाती बोथट होती आणि कुट्टी दोन-दोन इंचांची निघत होती. अशी कुट्टी शेणकाल्यात बुडत नाही, ती तरंगते.

तरीही पहिले चार महिने बरे गेले. 270 किलो शेणाबरोबर 120 किलो गवत पडत होते आणि गॅस अकरावरून सतरा-अठरा घनमीटरवर गेला. मोजमाप वहिनींचे होते. ड्रमचा व्यास साडेतीन मीटर, म्हणजे तो दहा सेंटिमीटर चढला की साधारण एक घनमीटर गॅस साठला. त्यांनी ड्रमच्या बाजूवर पांढऱ्या रंगाने वितीवितीच्या अंतरावर रेघा ओढल्या होत्या, एका वितीला दोन घनमीटर, आणि रोज पहाटे कढई चढवण्याआधी त्या किती रेघा वर आल्या ते पाहत. इतके साधे आणि इतके नेमके मापन मी मोठ्या खर्चाच्या संयंत्रांवरही क्वचितच पाहिले आहे.

फेब्रुवारीतले अकरा दिवस

नोव्हेंबरात भात कापल्यावर विहिरीजवळच्या 20 गुंठ्यांत मका पेरला. बियाणे देणाऱ्याने सांगितले होते की मक्याला नेपियरपेक्षा जास्त गॅस येतो, आणि ते खरे आहे. कणसात चीक भरून दाणा पिठाळ होऊ लागला की मक्यातला कोरडा भाग 28 ते 32 टक्के असतो, स्टार्च भरपूर असतो आणि सेंद्रिय भागाच्या प्रत्येक किलोमागे मिथेन 0.3 घनमीटरच्या पुढे जातो. तो स्टार्च किती झपाट्याने आंबतो, हे मात्र त्याने सांगितले नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर विहीर तळाला गेली. मका वाळण्याआधी काढायचा म्हणून रोज 500 किलो कापून, कुट्टी करून, त्याच दिवशी टाकीत टाकायला सुरुवात झाली. मुरघासाचा खड्डा नव्हता. त्याच सुमारास भेंडीवाल्या शेजाऱ्यांकडून शेणाला चांगली मागणी आली आणि थोरल्या भावाने टाकीत जाणारे शेण 100 किलोंवर आणले. त्याचा तर्क असा होता की आता गॅस मक्यातूनच येणार आहे, तर शेण कशाला वाया घालवायचे. हा तर्क मी इतक्या ठिकाणी ऐकला आहे की या संपूर्ण प्रकरणाचे मर्म मला त्याच वाक्यात दिसते.

आधी टाकीच्या प्रत्येक घनमीटरवर दिवसाला सुमारे सव्वा किलो सेंद्रिय भागाचा बोजा पडत होता. तो एका रात्रीत जवळजवळ तीन किलोंवर गेला. ड्रमखाली जून गवताचा जाड थर साचलेला असल्याने टाकीची खरी, वापरात असलेली जागा 50 घनमीटर राहिलेलीच नव्हती. म्हणजे प्रत्यक्ष बोजा त्याहून जास्त होता. शिवाय फेब्रुवारीच्या थंड रात्री. टाकीतल्या रबडीचे, म्हणजे पातळ काल्याचे तापमान मी मार्चमध्ये मोजले तेव्हा ते 26 अंश होते, आणि मिथेन करणारे जिवाणू 35 ते 38 अंशांच्या उबेत सर्वांत चांगले काम करतात.

पहिले चार दिवस घरात आनंद होता. ड्रम इतका वर आला की शेवटची रेघही उघडी पडली आणि कडेने बुडबुडे सुटू लागले. पाचव्या-सहाव्या दिवशी शेगडीची ज्योत लांब होऊन बर्नरपासून सुटू लागली. नवव्या दिवशी कढईखालचा जाळ तीनदा विझला आणि दूध नासले. मी पोहोचलो तेव्हा वहिनींनी जे सांगितले त्यातच निदान होते: "साहेब, ड्रम पोटभर फुगलाय, पण जाळ धरत नाही. आणि वास शेणाचा नाही, आंबोणीचा येतोय."

तपासणी

टाकीतल्या रबडीचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) मी तीन ठिकाणी पाहिला: बाहेर पडणाऱ्या तोंडाशी 5.8, ड्रमच्या कडेने उघड्या पट्टीत 5.6, आणि बांबूला बाटली बांधून दीड मीटर खोलीवरून काढलेल्या नमुन्यात 5.8. निरोगी टाकीचा सामू 6.8 ते 7.5 च्या दरम्यान असतो. मग गॅस पाहिला. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मोठ्या सिरिंजमध्ये 60 मिलिलिटर गॅस ओढून घ्यायचा, थोडे कॉस्टिक सोड्याचे पाणी आत घेऊन हलवायचे. कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि दट्ट्या आपोआप आत सरकतो. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच. दट्ट्या 23 वर येऊन थांबला. म्हणजे गॅसमध्ये साठ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड होता. ड्रम खरोखरच भरलेला होता, पण न जळणाऱ्या वायूने.

हे असे का होते, हे समजल्याशिवाय उपाय कळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हवेवाचून होणारे पचन एका जातीचे जिवाणू करत नाहीत. पहिली टोळी सेल्युलोज, स्टार्च, प्रथिने यांचे तुकडे करून त्यांना विद्राव्य बनवते. दुसरी त्या साखरेची आम्ले करते. तिसरी त्या आम्लांचे असिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करते. आणि शेवटची, जिला खरे तर जिवाणूही म्हणत नाहीत, ती आद्यजीवांची टोळी त्यांपासून मिथेन करते. पहिल्या दोन टोळ्या काही तासांत दुप्पट होतात. मिथेनवाल्यांना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. गवत हळू फुटते, त्यामुळे गवतावर चालणाऱ्या टाकीत आम्ल तयार होण्याचा वेग आपोआप आवरलेला असतो. मक्याचा स्टार्च झटपट फुटतो. 500 किलो मका रोज पडला तेव्हा आम्ल करणारे त्याच दिवशी कामाला लागले, मिथेन करणारे मात्र होते तेवढेच राहिले. न संपलेले आम्ल साचले, सामू घसरला, आणि 6.5 च्या खाली गेल्यावर मिथेनवाले आणखीच मंदावले. आम्लाने रबडीतील बायकार्बोनेटही मोडले आणि त्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड सुटला. ड्रम फुगला तो यामुळे.

आता शेणाचा प्रश्न. खवा करणाऱ्या घरात हे समजावणे सोपे गेले. मी थोरल्या भावाला विचारले, दही लावताना विरजण वाया जाते असे तुम्ही म्हणता का? शेणातून येणारा गॅस हा शेणाच्या उपयोगाचा लहान भाग आहे. म्हशीच्या कोठ्यातूनच मिथेन करणारे जीव त्यात आलेले असतात, आणि ते रोज ताजे पडत राहतात. शेणातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने रबडीत येतो, कार्बन डायऑक्साइडशी मिळून अमोनियम बायकार्बोनेट बनतो आणि आम्लाचा झटका सोसतो. निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम यांसारखी सूक्ष्म मूलद्रव्ये, ज्यांच्यावाचून मिथेनवाल्यांची विकरे चालतच नाहीत, ती शेणात पुरेशी असतात आणि मक्यात फार थोडी. केवळ मक्यावर चालणाऱ्या जर्मन टाक्यांमध्ये ही मूलद्रव्ये बाहेरून घालावी लागतात, हा तिथला स्थिर झालेला अनुभव आहे. आपल्याकडे गोठा शेजारीच असताना ती विकत आणण्याची वेळ यावी, हे मला पटत नाही. डॉ. कर्वे यांच्या संयंत्रांचा दाखला देऊन "शेण लागतच नाही" असे सांगणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की त्या टाक्या सुरू होतात शेणानेच, आणि त्यांचा रोजचा खुराक किलो-दोन किलोंचा असतो, पाच क्विंटलचा नव्हे.

तिसरे कारण लोखंडाचे होते. या प्रकारच्या ड्रमच्या आत आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. ड्रम हाताने थोडा फिरवला की त्या पट्ट्या वरची साय फोडतात. मधला खांब गंजून अडकला होता आणि ड्रम फिरवण्याची सवय दोन वर्षांपूर्वीच सुटली होती. केवळ शेण पडत असताना त्याने फारसे बिघडले नाही. गवत पडू लागल्यावर त्या एका न झालेल्या फेरीने टाकीची वरची हातभर जागा गिळली. बांबू टोचून पाहिला तेव्हा तो थर मला गादीसारखा लागला.

उपचार

अन्न त्याच दिवशी बंद केले. हे ऐकून धाकटे बंधू अस्वस्थ झाले, कारण 11 दिवसांत साडेपाच टन मका टाकीत गेला होता आणि अडीच टन अजून शेतात उभा होता. त्यासाठी गोठ्यामागे खड्डा खणायला सांगितले: खाली आणि बाजूंनी प्लॅस्टिक, अर्ध्या इंचाहून लहान कुट्टी, थराथराने तुडवून हवा काढायची, आणि वरून प्लॅस्टिक व माती. दीड महिन्यात त्याचा मुरघास होतो, लॅक्टिक आम्लामुळे तो महिनोन्महिने टिकतो आणि रोज हवा तेवढाच काढता येतो.

टाकीतला न जळणारा वायू वाऱ्याच्या दिशेने, भट्टीघरापासून दूर, नळी लावून सोडून दिला. साय काढण्यासाठी बाहेरून, ड्रम एका कडेने उचलून, लांब दात्यांच्या बांबूने काम केले. थोरला भाऊ शिडी लावून आत उतरायला तयार होता आणि मला त्याला अक्षरशः हाताला धरून थांबवावे लागले. बायोगॅसच्या टाकीत, ती उघडी दिसत असली तरी, कुणीही उतरू नये. हायड्रोजन सल्फाइड आणि प्राणवायूचा अभाव माणसाला सावध होण्याइतकाही वेळ देत नाहीत, आणि वाचवायला उतरलेला दुसराही परत येत नाही. संयंत्र पुन्हा दुरुस्त करता येते, गेलेला माणूस परत आणता येत नाही. हे सांगताना मला लाज वाटत नाही की त्या दिवशी माझा आवाज चढला होता.

आम्ल मारण्यासाठी गावात चुन्याचा सल्ला मिळाला होता. चुना स्वस्त आहे, पण तो गॅसमधला कार्बन डायऑक्साइडही शोषून घेतो, ड्रम एकदम खाली बसतो आणि तळाला चुनखडीचा गाळ साचतो. म्हणून खाण्याचा सोडा वापरला, पहिल्या दिवशी 20 किलो, आणि मग सामू बघत दिवसाआड 10 किलो, असे एकूण 80 किलो. त्याबरोबर दोन किलोमीटरवरच्या एका निरोगी शेण-संयंत्राची रबडी 200 लिटरच्या वीस पिंपांतून आणून ओतली, म्हणजे 4000 लिटर विरजण. तेवढीच जुनी आंबट रबडी आधी बाहेर काढून राखेबरोबर खतखड्ड्यात टाकली होती.

नवव्या दिवशी सामू 6.6 झाला. तेराव्या दिवशी सिरिंजमध्ये निम्मा गॅस उरला आणि ज्योत निळी धरली. त्यानंतर रोज 100 किलो शेण, केवळ शेण, दहा दिवस. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संयंत्र पुन्हा 270 किलो शेणावर 11 घनमीटरला आले. या पाच आठवड्यांत खवा सिलिंडरवर आटला आणि त्याचा भार घराने सोसला; ही किंमत विसरण्याजोगी नाही.

नवी घडी

मेपासून गवत परत सुरू केले, पण निराळ्या रीतीने. कुट्टीची पाती बदलून तुकडे एक सेंटिमीटरच्या आत आणले. ताजे पाणी घालण्याऐवजी बाहेर पडणाऱ्या रबडीतच कुट्टी कालवून प्रवेश टाकीत एक दिवस भिजत ठेवली. त्यामुळे ती जड होते, बुडते आणि आधीच जिवाणूंनी भारलेली असते. पहिल्या आठवड्यात 30 किलो, आणि पुढे दर आठवड्याला 15 ते 20 किलोंची वाढ, तीही सामू सातच्या वर आणि जाळ निळा असेल तरच. शेण 250 किलोंच्या खाली न्यायचे नाही, मग भेंडीवाल्याने कितीही भाव देऊ केला तरी. रोजच्या सेंद्रिय भारात शेणाचा वाटा निम्म्याहून फार खाली जाऊ नये, असा माझा आग्रह असतो. एक-तृतीयांशावरही टाक्या चालतात, पण मग रोज जाणत्या माणसाचे लक्ष हवे. मधला खांब कापून नवा बसवला, ड्रम घासून रंगवला, आणि तो सकाळ-संध्याकाळ एक-एक फेरा फिरवणे हे दूध काढण्याइतकेच नित्याचे झाले.

ऑगस्टमध्ये 150 किलो नेपियरपर्यंत पोहोचलो. पावसाळ्यातले गवत पाणीदार असते, त्यात कोरडा भाग पंधरा टक्क्यांच्या आसपासच भरतो, त्यामुळे गॅस 20 घनमीटरवर अडला. प्रवेश टाकीवर पत्र्याची पडवी टाकावी लागली, कारण उघड्या तोंडातून पडणारा पाऊस कच्चे अन्नच टाकीबाहेर ढकलत होता. ऑक्टोबरात गवतातला कोरडा भाग वाढला आणि तेवढ्याच वजनाला 22 घनमीटर मिळू लागले. त्यातला कार्बन डायऑक्साइड 43 टक्के येतो. कर्बोदकांतून निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो, हे रसायनशास्त्राचेच बंधन आहे. त्यामुळे पीक वाढवले की ज्योत किंचित मऊ होणार हे धरूनच बर्नरची हवेची झडप लावून दिली. मक्याच्या मुरघासाला मर्यादा घातली दिवसाला 40 किलोंची, आणि तीही नवरात्र ते दिवाळी, जेव्हा खव्याची मागणी चढते. सिलिंडर आता महिन्याला एखादा, तोही अडीअडचणीला.

या घडीत मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट गॅसची नाही. नेपियर जमिनीतून नायट्रोजन आणि पालाश भरपूर उचलते; वरकस जमीन ते दोन वर्षांत शोषून टाकते. इथे बाहेर येणारी रबडी पुन्हा त्याच 30 गुंठ्यांत जाते, आणि गॅसबरोबर केवळ कार्बन, हायड्रोजन व प्राणवायू निघून गेलेले असल्याने बाकीचे जवळपास सगळे तिच्यात असते. उरलेली रबडी वहिनींनी भाताच्या रोपवाटिकेला वापरली. आपल्याकडे रोपांच्या जागेवर शेणकूट, पालापाचोळा आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या रचून राब भाजण्याची पद्धत आहे, आणि त्यापायी दर उन्हाळ्यात किती झाडे बोडकी होतात हे मुरबाड-शहापूरच्या रस्त्यांवरून जाणाऱ्याला दिसते. या वर्षी त्या घराने निम्म्या वाफ्यांवर राब भाजला नाही आणि रोपे दोन्हीकडे सारखी आली. एका घराचा, एका हंगामाचा हा अनुभव आहे. त्याला मी त्याहून मोठे नाव देत नाही.

किती गवत आणि कुणाच्या जमिनीत

हे संयंत्र सावरल्याचे कळल्यावर आसपासच्या काही शेतकऱ्यांनी भाताची खाचरे नेपियरखाली आणण्याबद्दल विचारले. केंद्र सरकारची 'सतत' योजना ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झाल्यापासून दाबलेल्या बायोगॅसच्या मोठ्या प्रकल्पांसाठी नेपियर लावण्याची भाषा गावोगाव पोहोचली आहे, त्यामुळे हा प्रश्न साहजिक होता. मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. दिवसाला 5 टन दाबलेला बायोगॅस करायचा, तर केवळ नेपियरवर रोज सव्वाशे ते दीडशे टन हिरवे गवत लागेल. हेक्टरी 200 टन धरले तरी त्याला सहाशे एकरांच्या आसपास बारमाही पाण्याची जमीन हवी, आणि ती प्रकल्पापासून इतक्या जवळ हवी की चार-पंचमांश पाणी असलेले गवत वाहून नेण्यातच नफा जळून जाऊ नये. ज्या तालुक्यात फेब्रुवारीत विहिरी तळ गाठतात आणि जमीन गुंठ्यांच्या तुकड्यांत विभागली आहे, तिथे अशी जमीन एकसलग कुठून येणार?

जर्मनीने हे वळण आपल्याआधी घेतले आहे. 2004 साली ऊर्जापिकांच्या गॅसला जादा दर मिळू लागला आणि मक्याची शेती इतकी फोफावली की 2012 च्या कायद्याने नव्या संयंत्रांत मक्याचा वाटा 60 टक्क्यांवर रोखावा लागला. आपल्या जिल्ह्यात गवताचा इतिहास निराळा आहे. मुंबईच्या तबेल्यांना ठाणे जिल्ह्याच्या माळांवरचे गवत पिढ्यान्‌पिढ्या पुरवले गेले. वरकस आणि माळ ही इथली गवताची जागा, आणि खाचर ही भाताची. बांधावर, वरकसात, विहिरीच्या ओलाव्यावर आणि गोठ्याच्या सांडपाण्यावर जेवढे नेपियर वाढेल तेवढे लावावे, आणि ते गोठ्याच्या शेणाला जोड म्हणून वापरावे, असे मी त्यांना सांगितले. त्यांतील एकाने तरीही दहा गुंठे खाचरात ठोंबे लावली. जुलैच्या पावसात ती पिवळी पडली.

दोन भावांच्या घरी यंदा मुरघासाचा 15 घनमीटरचा पक्का खड्डा बांधून झाला आहे. अठराच्या वीस म्हशी करण्याचा विचार चालू आहे. थोरल्या भावाने त्याचे कारण दुधाआधी शेण असे सांगितले. ड्रमवरच्या पांढऱ्या रेघा रंगकामात पुसल्या गेल्या होत्या, त्या वहिनींनी पुन्हा ओढल्या आहेत, आणि प्रत्येक रेघेशेजारी सामूपट्टीचा एक वापरलेला तुकडा दोऱ्याने बांधून ठेवला आहे.